उशिराचे निरोप: एक्झिक्युटर की डिलेक्यू?

जावामध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एका थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांपैकी एकाला) दुसऱ्या थ्रेडसाठी ‘तीन मिनिटांनी हे कर’ असा निरोप ठेवायचा असेल, तर विचारात घेण्याजोगे दोन पर्याय उरतात: शेड्यूल्डथ्रेडपूलएक्झिक्युटर (पुढे नुसता एक्झिक्युटर), जो ठरल्या वेळी स्वतःच्या थ्रेडवर काम चालवतो, आणि डिलेक्यू, म्हणजे मुदत भरल्याशिवाय निरोप बाहेर न देणारी रांग. दोन्ही २००४ साली जावा ५ बरोबर आले आणि दोन्ही मी एकाच कामावर वापरून पाहिले आहेत. ते काम म्हणजे हर्णै बंदराजवळच्या एका मासळी व्यापाऱ्याच्या कोल्ड रूमची देखरेख. कॉम्प्रेसर बंद झाला की पाच मिनिटे तो पुन्हा सुरू होऊ द्यायचा नाही, दार तीन मिनिटांहून अधिक वेळ उघडे राहिले तर भोंगा वाजवायचा आणि दर मिनिटाला तापमान नोंदवायचे, एवढाच त्याचा पसारा आहे.

जावातला जुना टायमर मी आधीच बाजूला ठेवतो. त्याचा सगळा हिशेब संगणकाच्या घड्याळावर चालतो आणि तिथल्या छोट्या संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. पावसाळ्यात वीज जाऊन आली की तो जुनीच वेळ धरून सुरू होतो आणि मोबाइलला रेंज मिळाली की एकदम काही तास पुढे उडी मारतो. त्यानंतर टायमरचा थ्रेड जागा झाला, की थांबलेल्या सगळ्या निरोपांची मुदत उलटून गेली आहे असे त्याला वाटते आणि तो ते एकापाठोपाठ एक सोडून देतो. कॉम्प्रेसरचा पाच मिनिटांचा विसावा असाच एकदा हुकला. एक्झिक्युटर वेळ मोजतो ती नॅनोटाइमने, म्हणजे जावातल्या सतत पुढे जाणाऱ्या मोजणीने, ज्यावर घड्याळाच्या उड्यांचा परिणाम होत नाही. डिलेक्यूमध्ये ती कशाने मोजायची हे आपणच ठरवायचे असते, आणि तिथेही नॅनोटाइमच वापरावा.

एक्झिक्युटरच्या बाजूने बोलायचे तर त्याला लिखाण फार थोडे लागते. एकाच क्षणाची मुदत असलेले निरोप तो दिलेल्या क्रमानेच सोडतो, ही हमीही त्याच्या दस्तऐवजात आहे. त्याची एक खोड सर्वांना कधी ना कधी भेटते: ठरावीक अंतराने चालणाऱ्या कामात एखादे एक्सेप्शन (काम चालू असताना उद्भवलेली चूक) न पकडता सुटले, तर पुढच्या सगळ्या खेपा तो गुपचूप बंद करतो. आमच्या तापमानाच्या नोंदी एका रात्री अशाच थांबल्या होत्या आणि सकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. पण त्यावर उपाय सोपा आहे, कामाभोवती एक्सेप्शन पकडणारे कुंपण घातले की झाले. म्हणून तेवढ्यासाठी मी त्याला दोष देणार नाही.

माझा निर्णय झाला तो भोंग्यामुळे. दार उघडले की एक्झिक्युटरकडे तीन मिनिटांचा निरोप ठेवायचा आणि दार लागले की तो रद्द करायचा, अशी साधी रचना होती. मुदत भरली की एक्झिक्युटरचा थ्रेड तो निरोप नियंत्रण करणाऱ्या थ्रेडच्या रांगेत टाकत असे. हा नियंत्रक थ्रेड तापमापकाच्या उत्तराची वाट पाहत कधी कधी दोन सेकंद अडकून पडतो. नेमक्या त्या दोन सेकंदांत मुदत भरली आणि लगेच दार लागले, तर रद्द करण्याला काही अर्थच उरत नाही, कारण निरोप एक्झिक्युटरच्या हातून केव्हाच सुटून दुसऱ्या रांगेत जाऊन बसलेला असतो. मासळीचे क्रेट आत घ्यायला बहुतेक वेळा तीन मिनिटांच्या आसपासच वेळ लागतो, त्यामुळे हा योगायोग वाटतो तितका दुर्मिळ नव्हता. बंद दारासमोर भोंगा सुरू झाला की रखवालदार भर पावसात बाहेर येई आणि सकाळी मला विचारी, ‘‘अहो, दार मीच लावलं, मग हा कशाला बोंबलतोय?’’

याहून खटकणारी गोष्ट म्हणजे रद्द करण्याच्या उत्तरावरही विसंबता येत नाही. निरोप रांगेत टाकण्याचे काम चालू असतानाच आपण ‘चालू काम न अडवता रद्द करा’ असे सांगितले, तर उत्तर ‘हो, रद्द झाले’ असे येते आणि निरोप तरीही पोहोचतो. प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यावा आणि घेणाऱ्याने तो तपासूनच कृती करावी, हा उपाय मी काही महिने वापरला. तो चालतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण नव्या प्रकारचा निरोप आला की ती तपासणी पुन्हा लिहावी लागते आणि एका ठिकाणी मी ती लिहायला विसरलो.

मासेमारीबंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, खोली जवळजवळ रिकामी असते. त्या ६१ दिवसांत मी हा भाग डिलेक्यूवर नेला. इथे नियंत्रक थ्रेडची रांग हीच डिलेक्यू आहे. उशिराचे निरोप तिच्यातच मुदत भरेपर्यंत थांबतात आणि तातडीचे निरोप शून्य मुदतीने तिच्यातच पडतात. अँड्रॉइडच्या हँडलरवर (थ्रेडच्या रांगेत निरोप टाकणाऱ्या तिथल्या साधनावर) ज्यांचा हात बसला आहे त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. मात्र नुसती रांग बदलून भागत नाही: रांग मुदतीच्या क्रमाने चालत असल्यामुळे भोंग्याचा निरोप ‘दार लागले’ या निरोपाच्या पुढेच उभा असतो. म्हणून दारावर लक्ष ठेवणारा थ्रेड भोंग्याचा निरोप स्वतः रांगेतून काढून घेतो. मुदत उलटली असली तरी नियंत्रकाने तो उचललेला नसेल तर तो निघतो, आणि ‘काढला’ असे उत्तर आले की नियंत्रकाने तो पाहिलेलाच नाही याची खात्री असते.

डिलेक्यूचे मोल थोडे द्यावे लागते. उरलेली मुदत सांगणारी गेटडिले ही पद्धत आपण लिहायची असते आणि रांग तिला नॅनोसेकंदांत उत्तर मागते. मी पहिल्या खेपेस मिलिसेकंद तसेच परत केले. निरोप वेळेवर पोहोचत होते, त्यामुळे चूक कळली नाही. फक्त तो थ्रेड क्षणोक्षणी जागा होऊन विचारत राहिला आणि छोटा संगणक हाताला चटका बसेल इतका तापला. समान मुदतीच्या निरोपांचा क्रमही ही रांग पाळत नाही, त्यासाठी वाढता क्रमांक आपणच जोडावा. काढून टाकताना ती सगळी रांग चाळते. माझ्याकडे एका वेळी वीस-बावीस निरोप असतात, म्हणून मला ते जाणवत नाही. हजारो निरोप सतत ठेवले आणि रद्द केले जाणार असतील, तर रद्द होताच काढून टाकण्याची सोय चालू केलेला एक्झिक्युटर बहुधा बरा पडेल.

मी यातले काही मोजून पाहिलेले नाही. बंदी उठून बोटी पुन्हा लागू लागल्यापासून रखवालदाराने तो प्रश्न विचारलेला नाही, एवढाच माझ्याकडे पुरावा आहे. तापमानाची दर मिनिटाची नोंद मात्र आजही एक्झिक्युटरकडेच आहे. ती कोणी रद्द करत नाही.