मूल्यांकनासाठी होल्स्टचा पहिला सूट की दुसरा?

अमेरिकेतील शालेय बँडच्या शिक्षकाला परीक्षकांसमोर सादर करण्यासाठी इंग्लिश संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट यांच्या बँडसाठीच्या दोन सूटपैकी (सूट म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना) एक निवडायचा असेल, तर त्याने आधी आपल्या वादकांकडे नीट पाहावे.

1909 मधील पहिल्या सूटचे तीन भाग एकाच छोट्या स्वरावलीतून उमलतात, आणि म्हणूनच ते मध्ये न थांबता सलग वाजवावेत अशी विनंती होल्स्ट यांनी स्वतः केली होती. आरंभी ट्युबा आणि युफोनियम ही खर्जातली पितळी फुंकवाद्ये खालच्या पट्टीत जी धून मांडतात, तीच पुढे वाद्यावाद्यांतून फिरत राहते. त्यामुळे एखादा विभाग किंचित बेसूर झाला तरी ते लपत नाही. ही रचना संपूर्ण बँडच्या एकजीव नादाची परीक्षा घेते, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांना एकमेकांचे ऐकायला शिकवणारी याहून चांगली रचना क्वचितच सापडेल.

1911 मधील दुसरा सूट इंग्लंडमधील लोकधुनांवर आधारलेला आहे. त्याचे चार भाग ऐकायला अधिक सोपे वाटले, तरी पहिल्याच भागात युफोनियमचे मोठे एकल वादन येते, तर लोहाराच्या गाण्यावरील तिसऱ्या भागात ताल सतत बदलतो आणि ऐरणीचे ठोकेही अचूक पडावे लागतात. भक्कम युफोनियमवादक नसेल, तर हा सूट त्या वर्षी घेऊ नये; एका घाबरलेल्या मुलावर सगळ्या बँडचे गुण टांगणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.