‘मूळ कंपनीची’ सुई आणि माझी कायमची खराब झालेली रेकॉर्ड

माझ्या टर्नटेबलला शुअर या कंपनीची जुनी कार्ट्रिज आहे, म्हणजे रेकॉर्ड वाजवणारी सुई जिच्यात बसते तो छोटा भाग. तिची सुई वाकली तेव्हा ऑनलाइन सुया विकणाऱ्या एकाला मी फोटो पाठवला, फक्त समोरून काढलेला. सुईच्या झाकणावर, म्हणजे सुईसोबत निघणाऱ्या समोरच्या प्लॅस्टिकवर, ‘एम७५ईडी’ असं छापलेलं होतं. लगेच उत्तर आलं: “हीच आहे माझ्याकडे. ओरिजिनल, कंपनीकडून आत्ताच आलीय.” मी पैसे भरून मोकळा झालो.

‘आत्ताच आलीय’ या शब्दांवरच मी थांबायला हवं होतं. शुअरने कार्ट्रिज आणि सुयांचं उत्पादन २०१८ सालीच बंद केलंय. जुना न वापरलेला माल अजून कुठे कुठे सापडतो, पण तो जुनाच असतो. इतकी वर्षं पडून आतलं रबर कडकही झालेलं असू शकतं. कंपनीकडून नवीन काही येणं शक्यच नाही.

सुई आली. घातली तर किंचित हलत होती. डाव्या बाजूचा आवाज बारीक, आणि गायिकेचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखा. बाजू संपत आली, की जास्तच. विक्रेत्याला कळवलं तर म्हणाला, “नवी सुई आहे, वजन तीन ग्रॅम करा, बसेल हळूहळू.” वजन म्हणजे सुईचा रेकॉर्डवर पडणारा भार. मी केलं! खऱ्या ईडी सुईला पाऊण ते दीड ग्रॅम लागतं, हे तेव्हा मला माहीत असतं तर त्याच क्षणी संशय आला असता. त्या वजनावर मी माझी सगळ्यात आवडती एलपी चार वेळा वाजवली.

शेवटी मायक्रोस्कोपखाली बघितलं. ईडी सुईचं टोक लंबगोल असतं, ते समोरून रुंद आणि बाजूने अरुंद दिसतं. हे दोन्हीकडून सारखंच गोल होतं, वर तिरकं चिकटवलेलं, आणि बुडाशी गोंदाचा वाळलेला थेंब. झाकणावरची अक्षरं नखाने खरवडली तर निघून आली. तेव्हा मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

माझी स्वतःची चूक मात्र त्याआधीची. मी झाकणावरचं नाव म्हणजे कार्ट्रिजचं नाव समजलो. एम७५च्या एकाच बॉडीत वेगवेगळ्या सुया बसतात. शुअरमध्ये बहुधा ‘एम’ म्हणजे कार्ट्रिज आणि ‘एन’ म्हणजे सुई. एन७५ईडी लंबगोल टोकाची, तर एन७५-३ ही ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या) जुन्या तबकड्यांसाठीची, जाड टोकाची. सुई बदलली की झाकण बदलतं, झाकण बदललं की नाव बदलतं. आधीच्या मालकाने दुसरीच सुई घातली असेल, तर समोरचं नाव बॉडीबद्दल काहीच खात्रीचं सांगत नाही.

म्हणून नवी सुई मागवण्याआधी जुनी सुई हलक्या हाताने सरळ पुढे ओढून काढा. कार्ट्रिज हेडशेलवरून (ती जिथे स्क्रूने बसवलेली असते त्या भागावरून) सोडवून वरच्या आणि बाजूच्या खुणा वाचा. सुई जिथे शिरते त्या भोकाचा, मागच्या चार पिनांचा आणि पट्टी शेजारी ठेवून बाजूचा असे फोटो काढा. तारा सोडवण्याआधी त्यांचे रंग लिहून ठेवा: पांढरी-निळी डाव्या बाजूच्या आवाजाची, लाल-हिरवी उजव्या बाजूच्या. शुअरमध्ये बहुधा ‘एम’ म्हणजे कार्ट्रिज आणि ‘एन’ म्हणजे सुई. विक्रेत्याकडून टोकाचा जवळून काढलेला फोटो आणि टोकाचा आकार लेखी मागा. माझ्या विक्रेत्याने फोटो मागितल्यावर “सगळ्या सारख्याच असतात” असं म्हणून टाळलं होतं.

दुसऱ्या कंपनीच्या सुईला माझी हरकत नाही. जपानची जिको ही कंपनी शुअरच्या कार्ट्रिजमध्ये बसणाऱ्या चांगल्या सुया बनवते आणि त्या स्वतःच्या नावाने विकते. मी आता तशीच घेतली आहे, सव्वा ग्रॅमवर सुरेख वाजते. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत, आता उत्तरही देत नाही. ती खोटी सुई मी पक्कडीने मोडून टाकली, पुन्हा कुणाला विकली जाऊ नये म्हणून. एलपीच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं नव्या सुईनेही तसंच फाटतं.