आठ महिने, रात्री दोन भाग: कुठली वेबसीरिज कुठल्या वेगाने पाहावी

रात्रीची जेवणं, आवराआवर झाली की साडेनऊ ते साडेअकरा असे दोन तास उरतात. ४५-५० मिनिटांचे दोन भाग त्यात नीट बसतात, तिसरा बसवायला गेलं तर झोपेतून काढावा लागतो. हाच हिशेब ठेवून आठ महिने ४३ इंची टीव्हीवर हिंदी, मराठी, इंग्रजी आणि जर्मन सीरिज पाहिल्यावर एक गोष्ट छातीठोकपणे सांगता येते. एखादी सीरिज 'जमली नाही' म्हणून सोडली जाते, तेव्हा बरेचदा ती चुकीच्या वेगाने पाहिलेली असते. काही सीरिज सलग पाहिल्याशिवाय कळत नाहीत, काही सलग पाहिल्या तर मातीमोल होतात. म्हणून इथे चांगली-वाईट अशी यादी देण्यापेक्षा कुठली कशी पाहावी, हे सांगतो.

सुरुवात 'चेर्नोबिल'पासून. सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या स्फोटावरची एचबीओची २०१९ची ही सीरिज पाचच भागांची, सगळी मिळून साडेपाच तासांच्या आसपास. पाचच भाग म्हटल्यावर शनिवारी दुपारी बसून संपवायचा मोह होतो. तसं करू नका. चौथा भाग पाहताना मन अक्षरशः थकतं. ओस पडलेल्या गावांतली कुत्री मारायला पाठवलेला कोवळा पोरगा आणि किरणोत्सारी ढिगारा हटवायला छतावर ९० सेकंदांसाठी सोडलेले जवान, हे दोन्ही त्याच भागात आहेत. पाठोपाठ पाचवा लावला की समोर येतो खटला. तिथे स्फोटाची चौकशी करणारा शास्त्रज्ञ लेगासोव्ह लाल आणि निळ्या पाट्या एकेक करून मांडतो: कशामुळे अणुभट्टीतली प्रक्रिया वाढते, कशामुळे ती आवरते. ही पंधरा-वीस मिनिटं म्हणजे सबंध सीरिजचं उत्तर आहे. थकलेल्या डोक्याने पाहिलं तर पाट्या नुसत्या सरकताना दिसतात. २६ एप्रिल १९८६ला रात्री १ वाजून २३ मिनिटांनी बंद करायचं बटण दाबल्यावरच स्फोट का झाला, हे निसटतं. पहिला आणि दुसरा एका रात्री, तिसरा-चौथा दुसऱ्या रात्री, मग एक दिवस मध्ये जाऊ द्या आणि पाचवा ताज्या डोक्याने, एकटाच पाहा. आणखी एक, यातली उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञ एक व्यक्ती म्हणून अस्तित्वात नव्हती. लेगासोव्हला मदत करणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांचं मिळून ते एक पात्र केलं आहे, आणि अगदी शेवटी पडद्यावर येणाऱ्या मजकुरात तसं सांगितलंही आहे. तो मजकूर वाचायच्या आधी टीव्ही बंद करू नका.

'डार्क'चं बरोबर उलटं. नेटफ्लिक्सची ही पहिली जर्मन सीरिज, २०१७ ते २०२०, भाग १०, ८ आणि ८, म्हणजे एकूण २६. ही आठवड्याला एक भाग अशी पाहिली तर हातात काही राहत नाही. विन्डेन नावाचं गाव, काह्नवाल्ड, नील्सन, डॉप्लर, टीडेमान ही चार घराणी, आणि ३३ वर्षांच्या अंतरावरचे काळ: १९५३, १९८६, २०१९. एकच माणूस तीन काळांत तीन वेगवेगळ्या नटांच्या चेहऱ्याने येतो. चार दिवस खंड पडला की कोण कुणाचा बाप, हे पुसलं जातं. रोज दोन भाग, तेरा रात्री, मध्ये सुट्टी नाही.

पहिल्याच रात्री कागद-पेन्सिल जवळ ठेवा. एक फुलस्केप कागद आडवा धरायचा, तीन उभे रकाने आखायचे आणि वर तीन सालं लिहायची. डावीकडे वरून खाली चार आडनावं. नवं माणूस दिसलं की त्याच्या घराण्याच्या ओळीत, त्या सालाच्या रकान्यात नाव आणि एक खूण: चष्मा, व्रण, गणवेश, काय दिसेल ते. तोच माणूस दुसऱ्या काळात सापडला की दोन्ही नावं रेघेने जोडायची. नाती पेननं लिहू नका, खोडावी लागतात. पहिल्या तीन भागांत कागद निम्मा भरतो आणि पाचव्या भागापासून तो कामाला येतो. तिसऱ्या सीझनला कागदाची मागची बाजू कोरी लागेल. का, ते पाहताना कळेल.

दुसरी खबरदारी आवाजाची. प्रोफाइलची भाषा इंग्रजी असेल तर बरेचदा 'डार्क' थेट इंग्रजी डबिंगमध्ये सुरू होते. ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे, आणि सगळे एकाच सुरात बोलल्यासारखे वाटतात. ऑडिओत जाऊन जर्मन ओरिजिनल निवडा आणि सबटायटल इंग्रजी ठेवा. सबटायटलमध्ये कंसात 'सीसी' लिहिलेला पर्याय असेल तर आधी बिनकंसाचा लावून पाहा. सीसीमध्ये दार वाजलं, पाऊस पडतोय अशाही सूचना येतात आणि डोळे चेहऱ्यांवरून हटतात.

आता टीव्हीच्या सेटिंगकडे येतो, कारण त्यावर फारसं कुणी बोलत नाही आणि सीरिजचा निम्मा कस तिथेच जातो.

संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा, आणि गोळीबार झाला की शेजारचे उठतील म्हणून धावत जाऊन कमी करायचा, ही घरोघरीची तक्रार आहे. कारण सरळ आहे. सीरिजचा आवाज ५.१ म्हणजे सहा वाटांत मिसळलेला असतो आणि संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. आपल्या टीव्हीला खालच्या बाजूला तोंड केलेले दोनच छोटे स्पीकर. सहा वाटांचा आवाज दोनांत कोंबला की संवाद दबतात. ऑडिओच्या यादीत एकाच भाषेचे दोन पर्याय दिसले तर ५.१ न लिहिलेला निवडा. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये सराउंड बंद करा, आणि 'क्लिअर व्हॉइस' किंवा तसाच संवाद उठावदार करणारा पर्याय असेल तर तो चालू करा. एवढ्याने फरक पडला नाही तरच साउंडबारचा खर्च करा.

चित्राचं दुखणं वेगळं. सीरिज बहुधा सेकंदाला २४ चौकटींवर चित्रित होते. नवे टीव्ही स्वतःच्या मनाने मधल्या चौकटी तयार करून भरतात, क्रिकेटसाठी ते बरं. पण त्यामुळे 'चेर्नोबिल'सुद्धा संध्याकाळी सातच्या डेली सोपसारखी गुळगुळीत दिसते. सॅमसंगवर हे 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो' या नावाने पिक्चर सेटिंगच्या आतल्या पानावर असतं. बंद करा. पॉवर सेव्हिंगही बंद करा, कारण अंधारातली दृश्यं त्यामुळे काळाकुट्ट ठोकळा होतात. कलर टेंपरेचर 'वॉर्म'वर ठेवा. याची परीक्षा घ्यायला 'कोटा फॅक्टरी' उत्तम. ती कृष्णधवल आहे. 'कूल'वर राखाडी भिंती निळसर दिसतात, 'वॉर्म'वर त्या खरोखर राखाडी होतात. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, डोळे सरावतात.

अँड्रॉइड फोनवर पाहणाऱ्यांसाठी एकच. चांगला फोन असूनही चित्र धुरकट येत असेल तर नेटफ्लिक्स ॲपच्या सेटिंगमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशन उघडा. तिथे वाइडवाइन (व्हिडिओची नक्कल रोखणारी यंत्रणा) 'एल३' लिहिलं असेल तर त्या फोनवर एचडी मिळणारच नाही, नेट कितीही वेगवान असो. 'एल१' हवं.

डेटाचं गणित नेटफ्लिक्सच्याच आकड्यांवर करता येतं: मध्यम दर्जाला तासाला सुमारे ०.७ जीबी, फुल एचडीला ३ जीबीपर्यंत, फोर-केला ७ जीबीपर्यंत. रोज दोन तास फुल एचडी म्हणजे ६ जीबी, महिन्याला १८०. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर मध्यम दर्जावर दोन तास म्हणजे १.४ जीबी, जेमतेम बसतात. त्या दिवशी व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ उघडायचे नाहीत. घरी वायफाय असून चित्र मध्येच अडकत असेल तर आधी टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्याला जोडून पाहा. बेडरूम दोन भिंतींपलीकडे असेल तर मात्र उलट २.४च टिकतं, कारण ५ गिगाहर्ट्झ भिंतींत फार लवकर मरतं.

'स्कॅम १९९२' दहा भागांची, ऑक्टोबर २०२०ची, प्रतीक गांधी हर्षद मेहताच्या भूमिकेत. ही पाच रात्रींत दोन-दोन करून पाहावी, पण एका अटीवर: पैशांच्या बाजाराची गुंतागुंत सुरू होते ते मधले भाग आडवे पडून पाहू नका. 'रेडी फॉरवर्ड' आणि 'बीआर' हे दोन शब्द आधीच समजून घेतले की सगळं सोपं जातं. एक बँक दुसरीला सरकारी रोखे विकते आणि ठरावीक दिवसांनी ठरलेल्या भावाने परत घेईन म्हणते. नाव विक्रीचं, काम अल्पमुदतीच्या कर्जाचं, ते रेडी फॉरवर्ड. रोखे प्रत्यक्ष हलवायचे नाहीत म्हणून विकणारी बँक पावती देते, ती बँक रिसीट म्हणजे बीआर. मधल्या दलालाच्या हातात पैसा खेळतो, आणि पाठीमागे रोखेच नसलेल्या पावत्या निघू लागल्या की घोटाळा होतो. खऱ्या प्रकरणात अशा पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराडचं नाव होतं, आणि १९९२मध्येच ती बँक बुडाली. कराड-सातारा भागातल्या जुन्या खातेदारांना हे वेगळं सांगायला नको.

'पंचायत'ची तऱ्हा निराळी. २०२०, २०२२, २०२४, २०२५ असे चार सीझन, दर सीझनला आठ भाग, बहुतेक अर्ध्या-पाऊण तासाचे. पहिला सीझन तीन रात्रींत हसत संपतो आणि इथे सलग पाहिल्याचं नुकसान दिसतं. फिरती खुर्ची, सोलर दिवा अशा इवल्याशा गोष्टींवर एकेक भाग उभा आहे. ओळीने चार पाहिले की सगळं एकसारखं वाटायला लागतं. जेवताना एक, बस्स. घरातली वडीलधारी मंडळी सोबत असतील तर हीच आधी लावा, पण गावरान शिव्या अधूनमधून येतात, हे आधी सांगून ठेवा. दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग मात्र जेवताना नको. त्याचं वजन वेगळं आहे. प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५पासून भारतात जाहिराती येतात, त्यामुळे अशा हळव्या जागी तुटतं. तेवढ्यासाठी जाहिरातमुक्त ॲडऑन घ्यावा की नाही, हे महिन्यात किती पाहता त्यावर ठरवा.

मराठीत सलग पाहण्याजोगं कमी आहे, पण आहे ते जपून पाहण्यासारखं. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची 'समांतर' (२०२०) नऊ छोट्या भागांची आहे आणि ती एका बैठकीत पाहावी अशीच बांधली आहे: प्रत्येक भाग अगदी दारात उभा करून संपतो, त्यामुळे आठवडाभर ताणली तर चीड येते. दुसरा सीझन दहा भागांचा, तो पहिल्याच्या पाठोपाठ नको, दोन दिवस सोडून. 'आणि काय हवं' याच्या दुसऱ्या टोकाला. जुई आणि साकेतच्या संसारातले छोटे प्रसंग, प्रत्येक भाग आपल्यापुरता पूर्ण. रविवारी सकाळी चहासोबत एक. 'मानवत मर्डर्स' (२०२४) परभणी जिल्ह्यातल्या सत्तरच्या दशकातल्या हत्यांवरची, आशुतोष गोवारीकर तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत. लहान मुलांचे खून आहेत, म्हणून मुलं झोपल्यावरच, आणि रात्री एकाहून जास्त भाग नको. 'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझनही असाच, सात भाग, सात रात्री. गुन्हा पडद्यावर दाखवलेला नाही, पण जखमांचं वर्णन ऐकू येतं आणि ते पाहण्याइतकंच जड जातं.

हा वेग पाळायचा तर पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करायला हवं. नेटफ्लिक्सवर ब्राउझरमधून खात्यात जा, आपलं प्रोफाइल उघडा, प्लेबॅक सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप लावण्याची खूण काढा. प्रत्येक प्रोफाइलला वेगळी खूण असते, एकाची काढली म्हणून सगळ्यांची निघत नाही. आणि तरीही भाग उत्कंठेवर संपवला असेल, उठवत नसेल, तर पुढच्याची पहिली दहा मिनिटं पाहून थांबा. टांगलेला प्रश्न बहुधा तेवढ्यात सुटतो आणि नवा अजून पडलेला नसतो. भागांच्या यादीतली चित्रं खाली सरकवून पाहू नका, कोण जिवंत राहिलं ते तिथेच दिसतं.

लांब पल्ल्याच्या दोन. 'ब्रेकिंग बॅड'चे पाच सीझन मिळून ६२ भाग, रोज दोन म्हणजे ३१ दिवस, एका महिन्याचं सबस्क्रिप्शन जवळपास पुरतं. पहिला सीझन सातच भागांचा आहे, तिथे कंटाळा आला तरी सोडू नका.

'द वायर' मात्र रोज एकच. ६० भाग, जवळपास तासाचे, २००२ ते २००८. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातले पोलीस आणि अमली पदार्थ विकणारे यांची ही गोष्ट. गल्लीतली इंग्रजी आहे, इंग्रजी सबटायटल लावल्याशिवाय इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनाही अर्धी कळत नाही. पहिले चार भाग काही घडतच नाही असं वाटतं, कारण पोलीस फोन टॅप करण्याची परवानगी मिळवण्यातच अडकलेले असतात. ती रखडपट्टी हाच विषय आहे. बहुतेक जण हरतात ते दुसऱ्या सीझनला. ओळखीचे चेहरे मागे पडतात आणि एकदम गोदीवरचे कामगार, कंटेनर, युनियन समोर येतं. तो सीझन गाळून तिसऱ्यावर जाऊ नका. गल्लीत विकला जाणारा माल शहरात येतो कुठून, ते त्या गोदीवरच दिसतं, आणि चौथ्या सीझनमधली शाळकरी पोरं पाहताना मागचे तिन्ही सीझन लागतात.