‘घरात ठेवला तरी चालतो’ म्हणून गळ्यात मारलेला जनरेटर

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आलं आणि आमच्या भागातले विजेचे खांब आडवे झाले. विहिरीवरचा पंप बंद, काकांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, वीज कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही. अशात टेम्पोत जुने जनरेटर घालून एक विक्रेता गावात आला. “3 केव्हीए क्षमतेचा आहे, सायलेंट आहे, पडवीत ठेवलात तरी चालतो,” असं सांगून त्याने काकांकडून रोख 22 हजार घेतले. बिल नंतर देतो म्हणाला.

पुढे महाडच्या मेकॅनिकने वरची पाटी खरवडली, तेव्हा खाली मूळ पाटी निघाली: 1 केव्हीए. म्हणजे जेमतेम 800 वॅट. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. तेवढा मिळेना, व्होल्टेज पडलं, मोटर नुसती गुणगुणत राहिली आणि जळाली. इन्सुलिन माठात ठेवावं लागलं.

‘सायलेंट’ म्हणजे फक्त आवाज कमी, धूर तेवढाच. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. यंत्र पडवीत आणि माजघराची खिडकी उघडी. रात्री काकूचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. शेजारच्या ताई नर्स आहेत, त्यांनी सगळ्यांना तातडीने अंगणात काढलं म्हणून निभावलं. जनरेटर उघड्यावरच हवा, दारं-खिडक्यांपासून निदान 20 फूट लांब, धुराचं तोंड घराकडे नको. पावसात वर छप्पर चालेल, पण चारी बाजू मोकळ्या ठेवा.

सगळ्यात जास्त संताप मला त्याने ‘फुकट’ दिलेल्या वायरीचा येतो. दोन्ही टोकांना पिना. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, की अख्खं घर चालतं म्हणे! एक टोक निसटलं तर उघड्या पिनांत करंट. आणि मेन स्विच चालू राहिला तर तीच वीज खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरने उलटी डीपीपर्यंत, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, जाते आणि त्याच्या पलीकडे तिचे 11,000 व्होल्ट होऊ शकतात. त्या दिवसांत बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन, लाइन बंद आहे या भरवशावर, भर पावसात त्याच तारा ओढत होते. आमच्याकडे आलेल्या वायरमनने ती वायर बघताक्षणी कापून टाकली. घराला जोडायचाच असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्या. नाहीतर उपकरण थेट जनरेटरच्या सॉकेटला लावा.

विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे, आणि बिलच नाही तर तक्रार कुणाच्या नावाने करायची? तुम्ही घ्याल तेव्हा जीएसटी बिलावर इंजिनाचा नंबर लिहून घ्या. पाटीवर पाटी चिकटवलेली दिसली तर सरळ परत पाठवा. दुकानातच इस्त्री, हीटर असा सांगितलेल्या क्षमतेएवढा लोड लावून मीटरवर व्होल्टेज बघा. तरीही फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.