पुण्यातली ट्रान्सप्लांट ओपीडी: पाचपैकी चार स्टार

मी कराडकडचा एसटी कंडक्टर, आता डेपोत टेबलावर. दोन वर्षांपूर्वी आमच्या हिची किडनी मला बसवली, तेव्हापासून पुण्याच्या एका हॉस्पिटलात फेऱ्या चालू आहेत. खाली तक्रारही आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

पहाटेची स्वारगेट गाडी पकडायची, सकाळची टॅक्रोची गोळी (अंगाने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी) खिशात तशीच. रक्त दिल्याशिवाय ती घ्यायची नाही. पहिल्या खेपेला मी सवयीने खंडाळ्यातच गिळली. सिस्टर रागावल्या नाहीत. "काका, आज मुक्काम करा, उद्या या," एवढंच म्हणाल्या. भाच्याकडे सतरंजीवर झोपलो.

टॅक लेव्हल (त्या गोळीचं रक्तातलं प्रमाण), क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा आकडा) या तपासण्या कुठेही होतात. इथलं खरं काम व्हायरसवर पाळत ठेवायचं. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त सीएमव्ही आणि बीके या दोन व्हायरसच्या पीसीआरला, म्हणजे रक्तात व्हायरस किती ते मोजायला जातं. सीएमव्ही आपल्याकडे बहुतेकांच्या अंगात निजलेलाच असतो, प्रतिकारशक्ती दाबली की उठतो. त्यावर व्हॅलगॅनसायक्लोव्हिर आहे. महाग, पण आहे. बीकेवर तसं खात्रीचं औषध नाही. तो गुपचूप नव्या किडनीत वाढतो आणि क्रिएटिनिन चढेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून पहिले नऊ महिने मला दर महिन्याला मोजायला बोलवायचे, नंतर तीन महिन्यांनी.

सातव्या महिन्यात माझा बीके 14,000 आला. ताप नाही, दुखणं नाही, लघवी साफ. रिपोर्ट माझ्या हातात यायच्या आधी, त्याच संध्याकाळी कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन. डॉक्टरांनी मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी गोळी) निम्मं केलं, दर पंधरवड्याला रक्त. चार महिन्यांत आकडा 600 वर उतरला. त्या एका फोनचेच तीन स्टार.

मध्ये मी शहाणपणा केला. फेरी वाचवायला एक सँपल गावातून दुसऱ्या लॅबला दिलं. आकडा दुप्पट! ही रात्रभर देवापुढे बसून. मॅडम म्हणाल्या, "काका, दोन लॅबचे आकडे ताडून बघायचे नसतात, किट वेगळं असतं." म्हणजे एका डेपोचं वेबिल (कंडक्टरचा तिकिटांचा हिशेब) दुसऱ्याच्या कॅशशी जुळवत बसल्यासारखं.

एकदा सिस्टरना विचारलं, आमच्यावर एवढी नजर, तुमच्यावर कोणाची? हसल्या. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस घेऊन भागत नाही, नंतर अँटीबॉडी मोजतात, 10 च्या वर यावीच लागते. फ्लूची सुई दरवर्षी. सर्दी-ताप असला तर युनिटात पाऊल नाही. त्यांच्या मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा आपल्याला लहानपणी आल्या होत्या का हे त्यांना आठवेना, तर रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत त्यांना आमच्याकडे फिरकू दिलं नाही. हा चौथा स्टार.

पाचवा बिलिंग काउंटरने घालवला. युनिटातली शिस्त तिथे पोचतच नाही. बसायची जागा छातीच्या ओपीडीबरोबर एकच, समोर खोकल्याची माळ लागलेली. क्लार्कचा मास्क हनुवटीवर, आणि शिंकून त्याच हाताने सुट्टे परत देतो. सांगितलं तर म्हणे, "ॲलर्जी आहे." मी हल्ली जिन्यातल्या खिडकीपाशी उभा राहतो आणि पैसे भाच्याला भरायला लावतो.

नवीन जाणाऱ्यांनी डबा घरून न्यावा, कँटीनची चटणी नको. पुढची तारीख सिस्टर गोळ्यांच्या खोक्यावर पेनाने लिहून देतात. आमच्या हिने एकदा ते खोकं रद्दीत घातलं होतं.