सिलिंडरचा नंबर: चष्मा की टोरिक लेन्स?

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत दिव्यांना शेपट्या फुटल्यासारख्या दिसल्या, की डोळे तपासून घ्यावेत. सिलिंडरचा नंबर (अस्टिग्मॅटिझम) असला, की बहुतेकदा डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, चेंडूसारखा गोल न राहता चमच्याच्या पाठीसारखा एका दिशेने जास्त वळलेला असतो. मग उभ्या-आडव्या रेषा एकाच जागी जुळत नाहीत. सोलापुरी भाषेत सांगायचं तर चादरीचा ताणा स्पष्ट, बाणा धूसर!

चष्म्यात सिलिंडरची काच ठरावीक अंशात, म्हणजे अक्षावर, बसवतात. फ्रेम वाकली नाही तर अक्षही जागचा हलत नाही. नवा चष्मा लावल्यावर काही दिवस जमीन तिरकी भासते, जिना उतरताना जपावं लागतं. बाकी कटकट नाही.

टोरिक लेन्स, म्हणजे सिलिंडरच्या नंबरसाठीची कॉन्टॅक्ट लेन्स, थेट डोळ्यावर बसते, त्यामुळे कडेचंही नीट दिसतं आणि जमीन तिरकी भासणं कमी. मात्र ती फिरली की पंचाईत: 10 अंश फिरली तर दुरुस्तीचा सुमारे एक तृतीयांश परिणाम जातो, 30 अंशांना जवळजवळ सगळाच. म्हणून बऱ्याच टोरिक लेन्स खालच्या बाजूला थोड्या जाड करतात, म्हणजे पापणी मिटली तरी त्या जागेवर राहतात.

आता आपला मे महिना आठवा: चाळिशीपार पारा, कोरडा वारा, दुचाकीवर तोंडावर येणारी धूळ. लेन्स कोरडी पडते, टोचते; आणि ती नळाच्या किंवा साठवलेल्या पाण्याने धुवायची नाही, जंतुसंसर्गाची भीती असते. मी तरी रोजच्या धावपळीला चष्माच निवडेन. लग्नाच्या फोटोंपुरती लेन्स ठीक.