मागच्या सीटवरचा आवाज: ट्राइकसाठी घेतलेली इंटरकॉम हेल्मेटची जोडी, दसरा ते पाडवा वापरल्यानंतर

ट्राइकवर, म्हणजे वर कापडी पंख आणि खाली तीन चाकांची उघडी गाडी असलेल्या हलक्या विमानावर, मागं माणूस बसवून उडणाऱ्या सगळ्यांना पहिलं सांगणं हे, की इंटरकॉमवाली हेल्मेट घेताना वजन, व्हायझर, बॅटरी किती तास चालते हे नंतर बघा. आधी वायर हेल्मेटमध्ये जिथं शिरते ती जागा बोटानं वाकवून बघा. आमच्या जोडीत नेमकी तीच जागा कच्ची आहे आणि तिच्यापायी ऐन संक्रांतीच्या हंगामात मागचं हेल्मेट मुकं झालं. विक्रेत्याशी वाद अजून मिटलेला नाही, म्हणून कंपनीचं नाव घालत नाही. दोन हेल्मेट, मधे छोटा डबा, कर्ली वायरी आणि बोललं की आपोआप उघडणारा माइक.

मी बेळगावच्या उद्यमबागेत छोटं मशीन शॉप चालवतो. ट्राइक तिघांचं सामाईक आहे. इंजिन रोटॅक्स ५८२, म्हणजे दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, ६५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं. मैदान संकेश्वर-हुक्केरी पट्ट्यातल्या एका माळावर. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं ठाणं असल्यामुळं बेळगाव शहराच्या बाजूला तोंडच करायचं नाही, परवानगीत जेवढं आभाळ दिलंय तेवढ्यातच फिरायचं. मागं बसतात ते घरचे, गल्लीतले, शॉपमधले. पैसे कुणाकडून घेत नाही. दसऱ्याला माळ वाळला की सुरुवात, पाडव्यानंतर ऊन तापायला लागलं की जवळजवळ बंद.

आता एका वायरीवर एवढं लिहायचं कारण. चारचाकीत शेजारच्याकडं नजर टाकता येते. ट्राइकमध्ये मागचा माणूस तुमच्या पाठीला लागून, थोडा उंचावर, तुमच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेला असतो. त्याचं तोंड तुम्हाला दिसतच नाही. समोर काच नाही, बाजूला दार नाही, पायाखाली सरळ उसाचं रान. त्याला काय वाटतंय हे कळायचा मार्ग एकच, कान. घाबरलाय, मळमळतंय, का आनंदानं बोलायचंच विसरलाय, सगळं त्या माइकवरून कळतं. मी एकटाही भरपूर उडतो. एकटा असलो की हिडकल धरणाचं पाणी दिसल्यावर मनात ‘वा’ म्हणतो आणि पुढं जातो. मागं कुणी पहिल्यांदा बसलेलं असलं की तेच पाणी बघून जो आवाज कानात येतो, त्याच्यासाठी मी भल्या पहाटे उठून बेळगावातून निघतो. तो आवाजच आला नाही तर माझ्या दृष्टीनं ते उड्डाण अर्धंच झालं.

सुरुवातीला या जोडीनं तो आवाज दिला, हे मान्य करायला हवं. डिसेंबरात शॉपमधला टर्नर मागं बसला होता. दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस. हिरण्यकेशीच्या काठानं पाचशे फुटांवरून येत होतो. खाली गुऱ्हाळ पेटलेलं, धूर सरळ वर चढून एका उंचीवर आडवा पसरलेला. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची उबदार असते, त्यामुळं धूर त्या थराला अडतो. आम्ही त्या थरातून गेलो आणि हेल्मेटमध्ये आवाज आला, “मालक, काकवीचा वास यायलाय की हो! एवढ्या वर!” तिथून पुढं गडी थांबलाच नाही. हा कुणाचा फड, ती कुणाची विहीर, लहानपणी कुठल्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालायला जायचा, सगळं सांगितलं. बंद केबिनच्या विमानात हा वास येत नाही. उघड्यावर उडण्यातली ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

बसण्याबद्दल. कान झाकणाऱ्या वाट्या चांगल्या घट्ट आहेत, पण चष्म्याच्या काड्या आणि कानातले दागिने वाटीखाली आले की फट राहते आणि त्या फटीतून इंजिन सरळ आत घुसतं. चष्म्याला उपाय बारीक, सपाट काडीचा. बायकांच्या बाबतीत बुगडी काढायलाच लागते, नाहीतर पंधरा मिनिटांत कान दुखायला लागतो. अंबाडा असेल तर हेल्मेट बसतच नाही, वेणी घालून अंगातल्या सूटमध्ये सोडायची. केसातले आकडे, गजरा, गळ्यातलं, खिशातला मोबाइल, सगळं काढून खाली जमिनीवरच ठेवायचं. पंखा मागच्या माणसाच्या पाठीमागंच फिरत असतो. सुटलेली वस्तू दुसरीकडं कुठं जात नाही, पंख्यातच जाते. हे मी प्रत्येकाला उडण्याआधी सांगतो, माणूस घाबरेल म्हणून टाळत नाही. सांगितल्यावर लोक उलट निश्चिंत होतात, कारण कशाची काळजी घ्यायची ते त्यांना कळलेलं असतं.

व्हायझर ठीक. पहाटे धुकं धरतो, बोटभर उघडा ठेवला की साफ होतो. बॅटरीची तक्रार नाही.

आता बिघाडाकडं येतो. आत्ती, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, सत्तरीच्या पुढची, नऊवारी नेसणारी. कासोट्यावरून सूट चढवला आणि बसली. वर गेल्यावर बोलायला लागली. आमचं गाव डाव्या हाताला आलं, देवळाचं शिखर बघायला तिनं मान वळवून खाली वाकवली आणि “अरे ते बघ, आपली...” एवढं ऐकू आलं आणि माइक बंद. माझा आवाज तिला जात होता, तिचा मला येत नव्हता. मी उडण्याआधी सगळ्यांना खुणा सांगून ठेवतो. खांद्यावर एक थाप म्हणजे ठीक, दोन म्हणजे परत चल. विचारलं, तिनं एक थाप दिली. गावावरून एक फेरी मारून उतरवलं. खाली आल्यावर हेल्मेट काढून ती म्हणाली, “मी सगळं सांगत होते की रे तुला!” ती अख्खा वेळ बोलत होती. आजोबांची विहीर, भावकीच्या वाटणीत गेलेलं खालचं शेत, ती शाळेला जायची ती पांदीची वाट. मला त्यातलं अक्षरही मिळालं नाही. तिनं खाली परत सांगितलं, चहा घेताना, नीट क्रमानं. पण वर असताना एकेक जागा ओळखत बोललेलं ते बोलणं गेलं ते गेलंच. शिवाय तिला चक्कर आली असती आणि थाप मारायचं भान राहिलं नसतं तर? मागच्या सीटचा माइक ही चैनीची वस्तू नव्हे.

विक्रेत्याकडं हेल्मेट पाठवलं. काही दिवसांनी ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून परत आलं, वर तपासणीचे आणि कुरियरचे पैसे माझ्याकडून. टेबलावर ठेवून तपासलं तर दोष सापडणार कसा? फोन करून म्हटलं, डोक्यात घाला, मान डावीकडं वळवून खाली बघा आणि मग बोला. उत्तर आलं की मान एवढी वळवायची गरजच काय. मागं बसलेला माणूस खाली बघणार नसेल तर त्याला वर न्यायचं कशाला, हे मी त्यांना अगदी गंभीरपणे विचारलं. मग दुसरी चिठ्ठी: वायर सुटी मिळत नाही, पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा संच, बाहेरून मागवावा लागेल. किंमत जोडीच्या जवळजवळ एक तृतीयांश. तारेला, रबराला, प्लगला काय लागतं हे ज्याला रोज बिलात दिसतं त्याच्या गळी ही किंमत उतरत नाही.

घरीच उघडलं. वाटीच्या आतलं स्पंज काढून भिंगाखाली धरलं तर कारण लगेच दिसलं. वायर आत शिरते तिथं रबराची जी बुच्ची आहे ती जेमतेम नखाएवढी लांब आणि कडक. तिच्या मागं प्लॅस्टिकची धार तशीच धारदार सोडलेली. मान वळली की वायर दरवेळी त्याच धारेवर त्याच जागी दुमडणार. माइकच्या तारेचे पदर एकेक करून तुटलेले, दोनच बारीक केस शिल्लक. वायर सरळ असली की ते दोन केस टेकायचे आणि माइक चालायचा. टेबलावर दोष का दिसत नव्हता ते तिथं कळलं.

लेथवर नायलॉनची बुश केली, तोंडाला गोलाई दिली, आत वायरीचा एक ढिला वेढा ठेवून छोट्या क्लिपनं धरला, वरून गोंदवाली हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवली. सामान शंभर रुपयांच्या आत. दोन गोष्टी मात्र पाळा. हेल्मेटच्या कवचाला भोक पाडू नका, डोकं वाचवायचं काम ते कवच करतं. आणि वायरीचं दुसरं टोक, जिथं ती डब्याला जोडली जाते, ते टेप लावून कधीही पक्कं करू नका. अडचणीत पटकन उतरायची वेळ आली तर तो प्लग झटक्यासरशी सुटलाच पाहिजे. मजबुती हेल्मेटच्या बाजूला हवी, डब्याच्या बाजूला नको.

इथपर्यंतचा मजकूर जानेवारीअखेर लिहून ठेवला होता आणि त्याखाली ‘घेऊ नका’ असा शेरा मारला होता. तो शेरा आता काढतोय. दुरुस्तीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये हीच जोडी इतकी चांगली चालली, की दोष वायरीचा आहे, आतल्या यंत्रणेचा नाही, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. माझी दुसरी तक्रार होती ती आपोआप उघडणाऱ्या माइकची: मागच्याचे पहिले दोन-तीन शब्द गिळतो आणि वारा लागला की उगीच उघडतो. तीही बरीचशी मिटली. हे माइक दोन्ही बाजूंनी आवाज घेतात. इंजिनाची घरघर दोन्हीकडून सारखी येते म्हणून कटते, ओठाजवळचा आवाज एकाच बाजूनं येतो म्हणून राहतो. त्यामुळं माइकची ठरलेली बाजू ओठाकडंच हवी आणि अंतर अगदी थोडं, ओठाला टेकेल न टेकेल असं. नवा माणूस हेल्मेट चढवताना माइकची दांडी हमखास पिळतो आणि बाजू उलटी होते. आता पट्टा बांधल्यावर प्रत्येकाच्या माइकची बाजू मी स्वतः बघतो, आणि ओळखायला आतल्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. फोमची टोपी जाड घेतली. आणि माइक किती आवाजाला उघडावा हे सेटिंग जमिनीवर मंद इंजिनावर न करता, वर सरळ उडताना, नेहमीच्या आरपीएमवर करायचं. टेकऑफला पूर्ण पॉवरवर माइक तरीही उघडा राहतो, कानात नुसता गडगडाट होतो. मागच्याला आधीच सांगून ठेवा की मिनिटभर काही ऐकू येणार नाही, ते बिघडल्याचं लक्षण नव्हे.

कुणाला सतत टिकटिक ऐकू येत असेल तर ती इग्निशनची. डबा इंजिनच्या सर्किटवरून न घेता स्वतंत्र बॅटरीवर ठेवा आणि इंजिनचे स्पार्क प्लग रेझिस्टरवालेच वापरा. ५८२ ला प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आहेत, चारही बघा.

आत्तीला मार्चमध्ये परत नेलं. उन्हं चढायच्या आधी, कारण काळं रान तापलं की दहाच्या सुमाराला हवा उसळायला लागते आणि नवख्या माणसाला ते सोसत नाही. माळ दोन हजार फुटांच्या वर आहे, दोघांचं वजन घेऊन तापलेल्या हवेत इंजिनही दमतं. या वेळी तिनं मान हवी तेवढी वळवली आणि माइक चालू राहिला. विहीर परत दाखवली. पांदीची वाट आता उसात गेलीय हेही तिनंच वरून ओळखलं. मग घाटाच्या दिशेला बघून म्हणाली, “तुझ्या काकांना हे दाखवायला पाहिजे होतं.” काका जाऊन बरीच वर्षं झाली. मला स्पष्ट ऐकू आलं, शब्द न् शब्द. मी आणखी एक फेरी मारली.

तर आजचं मत असं. जोडी घ्यायला हरकत नाही, मात्र घेतल्या दिवशीच मागच्या हेल्मेटची वायर उघडून बुश बसवून घ्या, तुटायची वाट बघू नका. पुढच्या हेल्मेटला घाई नाही, कारण पायलट मान एवढी वाकवत नाही. तरी मी तेही करून टाकलंय. ज्यांना सोल्डरिंग जमत नाही त्यांनी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं न नेता मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं न्यावं, बारीक तारेवर त्यांचा हात बसलेला असतो.

पावसाळ्यात इकडं चार महिने ओल असते, त्यात स्पंज कुजतो. वाट्यांची आवरणं काढून वेगळी ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, डब्याची लिथियम बॅटरी साधारण अर्धी चार्ज करून ठेवा, पूर्ण भरून नको. विक्रेत्याला तुटलेल्या तारेचा भिंगातून काढलेला फोटो पाठवलाय आणि तपासणीचे पैसे परत मागितलेत. उत्तर आलं की या मजकुरात भर घालीन.